बघावी लागते, सबब बंद

४ मार्च १९८२, गुरुवारची रात्र. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर एक नवी पोलिसी मालिका सुरू होते. नाव 'पोलीस स्क्वॉड!', उद्गारचिन्हासकट. नामावली चालू असताना निवेदक भारदस्त आवाजात जाहीर करतो, की आजचे खास पाहुणे कलाकार आहेत लॉर्न ग्रीन. 'बोनान्झा' या मालिकेमुळे घरोघरी ठाऊक झालेले लॉर्न ग्रीन. पुढच्याच क्षणी सुरा खुपसलेल्या अवस्थेत ते धावत्या गाडीतून रस्त्यावर फेकले जातात आणि खास पाहुण्यांचं काम तिथेच आटोपतं. मग पडद्यावर भागाचं नाव झळकतं आणि निवेदक ते सोडून भलतंच नाव वाचतो. पुढची पंचवीस मिनिटं हाच कारभार. विनोद झाला म्हणून मागून हशा ऐकू येत नाही आणि पडद्यावरचा एकही नट आपण विनोद करतोय असं दाखवत नाही.

या मालिकेचे सगळे मिळून सहा भाग झाले. त्यातले चार दाखवून वाहिनीने गाशा गुंडाळला. उरलेले दोन जुलैमध्ये, निम्मी अमेरिका समुद्रकिनारी पालथी पडलेली असताना, उरकून टाकले. मालिका का बंद केली, याचं कारण वाहिनीच्या मनोरंजन विभागाचे प्रमुख टोनी थोमोपोलस यांनी दिलं आणि ते अजरामर झालं. ते म्हणाले, की ही मालिका आवडायची तर ती प्रेक्षकाला बघावी लागते.

पुण्यातल्या एखाद्या दुकानदाराने 'आमची मिसळ खावी लागते, सबब बंद' अशी पाटी लावली असती, तर लोकांनी तिचा फोटो काढून जगभर पाठवला असता. 'टीव्ही गाईड' साप्ताहिकाने तर मालिका बंद करण्याच्या आजवरच्या कारणांमध्ये या कारणाला मूर्खपणाचा पहिला नंबर दिला. थोमोपोलस साहेब त्या एका वाक्यासाठी चार दशकं टिंगल सोसत आले.

पण त्यांचं वकीलपत्र कोणीतरी घ्यायला हवं. कारण माणूस खरं बोलला. चूक एवढीच, की जे धंद्यातल्या माणसाने मनात ठेवायचं असतं ते तो उघड बोलला.

'पोलीस स्क्वॉड!'मध्ये नेमकं काय बघावं लागायचं? त्या काळच्या पोलिसी मालिकांची शेवटची रीत ठरलेली असे. खुनी गजाआड जातो, अधिकारी एखादा फुटकळ विनोद करतो, सगळे हसतात, चित्र तिथेच गोठतं आणि त्यावरून नावं सरकू लागतात. इथेही सगळे हसतात आणि थिजतात. फक्त चित्र गोठलेलं नसतं. नटच हलायचे थांबलेले असतात. त्यामुळे साहेब कपात ओतत असलेली कॉफी ओतली जातच राहते. कप भरतो, कॉफी काठावरून वाहते, हातावर येते, आणि साहेब चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून उभे. दुसऱ्या एका भागात बेड्या ठोकलेल्या आरोपीच्या लक्षात येतं, की आजूबाजूला सगळे थिजले आहेत. तो आधी गोंधळतो, मग ही संधी साधून सटकायला बघतो. आणखी एका भागात एक चिंपांझी मोकाट सुटतो आणि नट मंडळी पुतळ्यासारखी.

हे सगळं चालू असताना आवाज कसला येतो? शेवटच्या संगीताचा. म्हणजे ज्याची मान खाली आहे, त्याच्या लेखी मालिका केव्हाच संपलेली.

आता एका मराठी घरात या. शुक्रवारची रात्र, दहा वाजून गेलेत. बाहेरच्या खोलीत सोनी वाहिनीवर 'सीआयडी' लागलंय. आजी आत ओट्याशी उद्याची मटकी निवडतेय. बाहेरून संगीताचा दणका येतो, म्हणजे प्रेत सापडलं. मग दोन माणसांची कुरबुर, म्हणजे मंडळी प्रयोगशाळेत पोचली आणि साळुंखे डॉक्टर एसीपी प्रद्युम्नांवर डाफरताहेत. मग लाकूड फुटल्याचा आवाज, म्हणजे दयाने दार तोडलं. शेवटी सणसणीत थोबाडीत. आजी मटकीतला खडा बाजूला टाकत म्हणते, "सापडला वाटतं." मान एकदाही वर केलेली नाही, पण तपासातला एक धागा तिच्या हातून सुटलेला नाही. ही मालिका २१ जानेवारी १९९८ ला सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये थांबली तेव्हा १५४७ भाग झाले होते. सहा आणि पंधराशे सत्तेचाळीस या दोन आकड्यांमधलं अंतर समजून घ्यायचं असेल, तर ते पडद्यापासून ओट्यापर्यंतच्या अंतरात शोधावं.

यातली खरी गंमत प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या यंत्रात आहे. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या निवडक घरांत टीव्हीला जोडलेलं मीटर दोनच गोष्टी टिपायचं: संच चालू आहे का, आणि कोणत्या वाहिनीवर आहे. समोर माणूस बसलाय, मांजर बसलंय की रिकामी खुर्ची आहे, हे त्याला कळत नसे. कोण बघतंय त्याची नोंद काही घरांतली माणसं वहीत हाताने करत. माणसागणिक बटणं असलेलं यंत्र तिकडे १९८७ मध्ये आलं. आपल्याकडे 'बार्क'ची जी यंत्रं आहेत, ती वाहिनी ओळखतात आवाजावरून. कार्यक्रमाच्या ध्वनीत माणसाला ऐकू न येणारी खूण मिसळलेली असते, ती यंत्र टिपतं. म्हणजे दर गुरुवारी ज्या आकड्यांनी निर्मात्यांचा रक्तदाब वरखाली होतो, ते आकडे गोळा करणारं यंत्रही आजीसारखंच आहे. ते काही बघत नाही, नुसतं ऐकतं.

आणि 'पोलीस स्क्वॉड!'चा अधिकारी फ्रँक ड्रेबिन रंगवणाऱ्या नटाचं नाव काय? लेस्ली नील्सन. त्याच्या मालिकेचा जीव ज्या आकड्यांनी घेतला ते मोजणाऱ्या कंपनीचं नाव? नील्सन. नात्यातलं कोणी नव्हतं, पण आपल्याकडे असं झालं असतं तर भाऊबंदकीचा वास आल्याशिवाय राहिला नसता.

अमेरिकी वाहिन्यांचा व्यवहार एकदा लक्षात आला, की मालिकांच्या अकाली मृत्यूंचं नवल वाटेनासं होतं. आधी नमुन्याचा एक भाग बनतो. तो वरच्यांना आवडला तर मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये जाहिरातदारांपुढे नव्या मालिकांचा मेळावा भरतो, अगदी वधूपरीक्षेसारखा. मग तेरा भागांची ऑर्डर मिळते. मालिका चालली तर 'मागचे नऊ' मिळून हंगामाचे बावीस भाग होतात. निर्मात्याचा डोळा मात्र शंभराव्या भागावर असतो, कारण साधारण तेवढे भाग साठले की मालिका रोज दुपारी पुन्हा दाखवायला ठिकठिकाणच्या केंद्रांना विकता येते आणि खरा पैसा तिथे असतो. त्यामुळे जी मालिका शंभरी गाठेलसं वाटत नाही, ती कोणालाच पोसावीशी वाटत नाही. गुन्हेगारी मालिका त्यात आणखी खर्चिक. रात्रीचं बाहेरचं चित्रीकरण, गाड्यांचे पाठलाग, गोळीबार. सासू-सुनांचं भांडण एका दिवाणखान्यात वर्षभर चालतं आणि सोफाही बदलावा लागत नाही.

बघावं लागण्याचा गुन्हा सर्वांत गंभीरपणे केला तो स्टीव्हन बॉच्को या निर्मात्याने. 'हिल स्ट्रीट ब्लूज' ही त्यांची पोलिसी मालिका १९८१ मध्ये एनबीसीवर आली. एकाच भागात पाच-सात कथानकं, सगळे एकाच वेळी बोलताहेत, आजचं प्रकरण पुढच्या आठवड्यात संपणार किंवा संपणारही नाही. पहिल्या हंगामात ती लोकप्रियतेच्या यादीत तळाशी होती. एनबीसीने तरी ती ठेवली. वाहिनीचं धोरण थोर होतं असं समजायचं कारण नाही, तेव्हा तिच्याकडे बाकी धड काही नव्हतं. त्याच वर्षी मालिकेला आठ एमी पुरस्कार मिळाले आणि ती सात हंगाम चालली. अन्नछत्रात जागा रिकामी असेल तर उशिरा आलेल्यालाही जेवण मिळतं, त्यातला प्रकार.

यशाने धीर चेपलेल्या बॉच्कोंनी १९९५ मध्ये 'मर्डर वन' काढली. एक खून, एक खटला, आणि तो संपणार हंगामाच्या शेवटी, तेवीस भागांनी. ऐकायला झकास. पण मधल्या एका गुरुवारी मावसभावाचा साखरपुडा निघाला तर? पुढच्या आठवड्यात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कोण उभा आहे आणि तो का रडतोय, हे सांगायला शेजारच्या वहिनींकडे जावं लागणार. त्यातून समोर 'ईआर' ही तेव्हाची तुफान चालणारी इस्पितळाची मालिका. शिवाय ओ. जे. सिम्पसन यांचा खरा खटला लोकांनी महिनोनमहिने थेट प्रक्षेपणात बघितलेला, त्याचा निकाल त्याच ऑक्टोबरात लागला. कोर्टाचं अजीर्ण झालेल्या माणसाच्या पानात वाहिनीने पुन्हा कोर्टच वाढलं. दुसऱ्या हंगामात नायक वकील बदलला, एका खटल्याऐवजी छोटे खटले आले, आणि मग मालिकाच उठली.

खरं तर बॉच्कोंचं सर्वांत धाडसी पाऊल त्याआधीचं. एबीसीने त्यांच्याशी दहा मालिकांचा करार केला होता. त्या जोरावर १९९० मध्ये त्यांनी 'कॉप रॉक' आणली. पोलीस खरेखुरे, गुन्हे भीषण, लॉस एंजेलिसच्या गल्ल्या अस्सल, आणि मधूनच सगळे गाऊ लागतात. खटल्याचा निकाल द्यायची वेळ येते तेव्हा पंच मंडळी उठून चर्चमधल्या समूहगानाच्या थाटात आरोपी दोषी असल्याचं नाचत गात जाहीर करतात. गाणी रँडी न्यूमन या नाणावलेल्या संगीतकाराची, आणि त्या गाण्याला एमी पुरस्कारही मिळाला. मालिका अकरा भागांत आटोपली.

मराठी माणसाला यात काय वावगं झालं ते पटकन कळणार नाही. देवलांच्या 'संगीत मृच्छकटिक'मध्ये गळा दाबून खुनाचा प्रयत्न आहे, निरपराध माणसावर आळ आहे, न्यायालय आहे, वधस्तंभाकडे निघालेली मिरवणूक आहे आणि शेवटच्या क्षणी जिवंत साक्षीदार हजर होते. म्हणजे मूळ संस्कृतातली अव्वल गुन्हेगारी मालिका, आणि सगळे पदं म्हणताहेत. आपल्या रंगभूमीवर मरणारा नायक पद म्हणून मरायचा आणि 'वन्स मोअर' आला की उठून पुन्हा मरायचा. कोणी म्हटलं नाही, की हे वैद्यकशास्त्राला धरून नाही. अमेरिकी प्रेक्षकाला मात्र हे झेपलं नाही. न्यूमनची पहिल्या भागातली गाणी सोडली तर पुढची काही गाणी अगदीच बेतास बात होती, हेही तितकंच खरं. या मालिकेचं प्रकरण 'पोलीस स्क्वॉड!'च्या नेमकं उलट. ही एकटी मालिका कानाने ऐकत बसण्यासारखी होती. घरोघरी लोकांनी गाणं ऐकून मान वर केली, हातात पिस्तूल घेऊन गाणारा फौजदार बघितला, आणि तिथेच घात झाला.

जाताना मात्र ती ऐटीत गेली. जाड्या बाईने गायल्याशिवाय ऑपेरा संपत नाही, अशा अर्थाची अमेरिकी म्हण आहे. २६ डिसेंबर १९९० च्या शेवटच्या भागाअखेर नटांनी भूमिका बाजूला ठेवल्या आणि एका धिप्पाड गायिकेला आणून रीतसर गायला लावलं. बॉच्कोंनी तीन वर्षांनी 'एनवायपीडी ब्लू' काढली. तिच्यात कोणी गात नव्हतं. ती बारा हंगाम चालली.

या अनुभवातून धंदा शहाणा झाला असं कोणी समजू नये. २००७ मध्ये सीबीएसने 'विवा लाफलिन' आणली. जुगाराचा अड्डा, खून, आणि गाणी. नट ह्यू जॅकमन निर्मात्यांत होते आणि स्वतः पडद्यावरही आले. अमेरिकेत दोन भागांनंतर बंद. ऑस्ट्रेलियात, म्हणजे जॅकमन यांच्या माहेरी, एकाच भागानंतर.

खून कोणी केला हे सांगायचं कधी, हे या मालिकांचं दुसरं अवघड गळू. सांगितलं तर लोक उठून जातात, नाही सांगितलं तर चिडून जातात. 'ट्विन पीक्स'चं पहिलं झालं. १९९० च्या एप्रिलमध्ये लॉरा पामर नावाच्या मुलीचं प्रेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं सापडलं आणि अमेरिकेने कामधाम सोडून तर्क लढवायला सुरुवात केली. दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांना खुनी कधी सांगायचाच नव्हता. वाहिनीने तगादा लावला. नोव्हेंबरात खुनी कळला आणि हुश्श करून लोक झोपायला गेले. मालिका तोवर शनिवारी रात्री ढकललेली होती. शनिवारी रात्री 'ट्विन पीक्स' बघण्याजोगा तरुण प्रेक्षक घराबाहेर असतो, हे वाहिनीतल्या कोणालाच माहीत नसावं. जून १९९१ मध्ये पडदा पडला.

'द किलिंग'चं दुसरं झालं. मूळ डॅनिश मालिकेवरून एएमसी वाहिनीने २०११ मध्ये ती केली. रोझी लार्सनला कोणी मारलं, हा प्रश्न जाहिरातींतून गावभर विचारला. तेरा भाग धो धो पावसात भिजत लोक थांबले. हंगाम संपला, उत्तर मिळालं नाही. असे काही संतापले, की सांगता सोय नाही, आणि त्यांचा संताप रास्तच होता. दुकानदाराने पैसे घेऊन 'माल पुढच्या वर्षी' म्हणावं तसा हा व्यवहार. २०१२ मध्ये उत्तर दिलं आणि लगेच मालिका रद्द झाली. मग पुन्हा सुरू झाली. २०१३ मध्ये पुन्हा रद्द. शेवटचे सहा भाग २०१४ मध्ये नेटफ्लिक्सने दाखवले. इतक्या वेळा मेलेलं पात्र त्या मालिकेतसुद्धा नव्हतं.

यातून पार पडलेल्या शहाण्यांनी प्रश्नच काढून टाकला. 'कोलंबो'मध्ये खून कोणी केला ते सुरुवातीलाच दिसतं. मळका रेनकोट घातलेला तो पोलीस अधिकारी खुन्याला कसा कोंडीत पकडतो, एवढीच गंमत. प्रेक्षक मधली वीस मिनिटं भाजी फोडणीला टाकून आला तरी त्याचं काही बिघडत नाही. आपल्या झी मराठीवरच्या 'देवमाणूस'चंही तेच. डॉक्टर खुनी आहे हे अख्ख्या महाराष्ट्राला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं, एकट्या त्या गावाला माहीत नव्हतं. संशयाला जागा नाही म्हणून लक्ष देण्याचीही सक्ती नाही. पुन्हा नव्या पर्वाने परत यायलाही ती मोकळी.

काही मालिका तर बघण्यापर्यंत पोचतच नाहीत. 'टेरिअर्स' हे २०१० सालचं एफएक्स वाहिनीवरचं प्रकरण. एक माजी पोलीस आणि एक माजी भुरटा चोर, दोघं मिळून परवान्याशिवाय गुप्तहेरगिरी करतात. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. पण टेरिअर ही कुत्र्याची जात, आणि जाहिरातीवरही कुत्रा. लोकांना वाटलं, कुत्र्यांविषयीचा कार्यक्रम असेल. ज्यांना गुन्हेगारी मालिका हवी होती ते आले नाहीत, आणि ज्यांना कुत्री हवी होती ते येऊन हिरमुसले. तेरा भागांनंतर मालिका बंद झाली, तेव्हा वाहिनीचे प्रमुख जॉन लँडग्राफ यांनी पत्रकारांना फोनवर बोलावून ती का बंद केली ते आकडेवारीसह समजावलं. मयताच्या घरी डॉक्टरांनी स्वतः जावं, इतका सभ्यपणा या धंद्यात दुर्मिळ.

'साउथलँड'चा प्रकार त्याहून अजब. २००९ च्या वसंतात एनबीसीने ती सुरू केली, दुसऱ्या हंगामाची मंजुरी दिली, सहा भाग तयार झाले, आणि एकही न दाखवता मालिका रद्द केली. कारण? रात्री दहाची वेळ आठवड्यातले पाच दिवस जे लेनो यांच्या गप्पांच्या कार्यक्रमाला देऊन टाकली होती. नऊच्या वेळेला ही पोलिसी मालिका फार काळवंडलेली वाटली. गप्पा स्वस्त पडतात, हा हिशोब. तो कार्यक्रम काही महिन्यांत गुंडाळावा लागला. तयार पडलेले सहा भाग टीएनटी या केबल वाहिनीने उचलले आणि मालिका २०१३ पर्यंत सुखाने नांदली.

रद्द होण्याची आगाऊ वर्दी मिळाली तर लेखकांना शेवट बांधायला वेळ मिळतो. याला सुदैव म्हणावं की नाही, हे 'लाइफ ऑन मार्स'ची अमेरिकी आवृत्ती बघितल्यावर ठरवावं. अपघातानंतर एक पोलीस अधिकारी २००८ मधून थेट १९७३ मध्ये जाऊन पडतो. मूळ ब्रिटिश मालिकेने हे कोडं हळवेपणाने सोडवलं होतं. अमेरिकी लेखकांनी सतराव्या आणि शेवटच्या भागात सांगितलं, की हा सगळा मंगळावर निघालेल्या अंतराळवीराच्या झोपेतला घोळ. साल २०३५, पोलीस ठाण्यातले सगळे सहकारी म्हणजे यानातले सहप्रवासी. प्रेक्षकांनी सतरा भाग जपून ठेवलेले धागेदोरे एका फटक्यात कचऱ्यात. मालिका न बघणारे त्या रात्री फायद्यात राहिले.

लोकांनी मालिका परत आणल्याचं उदाहरण म्हणजे 'कॅग्नी अँड लेसी'. दोन बायका पोलीस अधिकारी, ही १९८२ मध्ये सीबीएसला धास्ती वाटण्याजोगी गोष्ट. पहिल्या सहा भागांनंतर त्यातली एक नटी बदलली, कारण दोघी फारच कडक वाटतात. पुढच्या वर्षी मालिकाच बंद केली. मग पत्रांचा पाऊस पडला आणि टाईन डेली यांना एमी मिळाला. मार्च १९८४ मध्ये मालिका परत आली आणि १९८८ पर्यंत चालली. पत्र लिहायला माणसाला टेबलाशी बसावं लागतं, पाकीट चिकटवावं लागतं, पेटीपर्यंत चालत जावं लागतं. ही माणसं नक्कीच बघत होती.

'सीआयडी'साठी अशी पत्रं लिहायची वेळ वीस वर्षं आली नाही. निर्माते बी. पी. सिंग आणि एसीपी प्रद्युम्न रंगवणारे शिवाजी साटम यांची जोडी त्याआधी मुंबई दूरदर्शनच्या मराठी 'एक शून्य शून्य'मध्ये जमलेली. पोलिसांच्या फोन नंबरवरून नाव घेतलेल्या त्या मालिकेत साटमांनी तपासाचा जो सराव केला, तो पुढे हिंदीत कामी आला. प्रत्येक प्रकरण दोन-तीन भागांत निकाली. अधिकाऱ्यांचं घरदार फारसं मध्ये येत नाही. चुकलेला भाग चुकलाच असं वाटत नाही, कारण पुढच्या भागातही दार असतं आणि दया असतो.

मात्र याच मालिकेने एकदा बघण्याचा हट्ट धरला होता. २००४ मध्ये १११ मिनिटांचा एक भाग कुठेही न तोडता, एकाच सलग शॉटमध्ये चित्रित केला. कॅमेरा बंगल्यात शिरतो, माणसामागून माणूस पकडतो, आणि जवळजवळ दोन तास एकदाही थांबत नाही. एक वाक्य चुकलं तर पहिल्यापासून. नटांनी, कॅमेरावाल्यांनी, दिवे धरून धावणाऱ्या पोरांनी जिवाचं रान केलं असणार. विक्रमांच्या पुस्तकात नोंद झाली. स्वयंपाकघरात मात्र शॉट तुटला नाही याचा आवाज येत नाही. आजीला तो भाग इतर भागांसारखाच वाटला असेल, थोडा लांबलेला.

तिकडे फ्रँक ड्रेबिन १९८८ मध्ये 'द नेकेड गन' या नावाने चित्रपटगृहात परतला. तोच नट, तेच चेहरा कोरा ठेवून बोलणं, तेच विनोद. चित्रपटगृहात अंधार असतो, तिकिटाचे पैसे मोजलेले असतात आणि मटकी निवडायची सोय नसते. लोकांनी बघितलं आणि पोट धरून हसले. १९९१ आणि १९९४ मध्ये पुढचे दोन भाग आले, २०२५ मध्ये लियाम नीसन यांना घेऊन आणखी एक. थोमोपोलस यांनी बंद केलेल्या मालिकेला एमीची दोन नामांकनं मिळाली, त्यातलं एक लेस्ली नील्सन यांना.

'पोलीस स्क्वॉड!'मध्ये एक गंमत अशी होती, की ती सलग सगळे भाग बघणाऱ्यालाच कळावी. ड्रेबिन घटनास्थळी गाडी घेऊन येतो आणि कचऱ्याचे डबे उडवतो. किती? जितकावा भाग, तितके डबे. पहिल्या भागात एक, दुसऱ्यात दोन, असं करत मालिका संपली तेव्हा सहा. याच हिशोबाने ती 'सीआयडी'इतकी चालली असती, तर शेवटच्या भागात गाडी थांबेपर्यंत पंधराशे सत्तेचाळीस डबे गडगडत गेले असते, आणि आतून ओट्यापाशी आजीने मटकीतून हात काढून विचारलं असतं, "काय पडलं गं?"